‘कोणी केले?’ : इंग्रजी व्याकरण आणि व्यवहारातील सचोटी

२२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात प्राडा या विख्यात कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. मंचावरून चालणाऱ्या काही तरुणांच्या पायांत ज्या चपला होत्या, त्या ओळखण्यास कोल्हापूरकरांना क्षणही लागला नाही. सपाट तळ, अंगठा, आडवा पट्टा, सारे आपल्या चप्पल लाइनमधील दुकानांत रोज दिसणारे. कंपनीने मात्र त्यांचे वर्णन ‘लेदर सँडल्स’, म्हणजे चामड्याच्या चपला, एवढ्याच शब्दांत केले होते.

या दोन शब्दांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. विशेषण आणि नाम आपापल्या जागी होते, अनेकवचनही बरोबर होते. त्यात असत्यही काही नव्हते, कारण चपला चामड्याच्याच होत्या. तरीसुद्धा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात संतापाची लाट उसळली. जे नाव सांगावयास हवे होते तेच नेमके वगळले गेले, ही लोकांची तक्रार होती. अन्याय येथे चुकीच्या शब्दाने झाला नव्हता, गाळलेल्या शब्दाने झाला होता.

इंग्रजीच्या वर्गात मुलांना नेमके हेच शिकविता आले तर? व्याकरण आणि व्यावसायिक नीतिमत्ता हे दोन विषय एकाच तासात शिकविता येतात काय, आणि आले तर त्यातून काय साधते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दोन वर्ग, मध्ये भिंत

महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास इ.स. २००० मध्ये प्रारंभ झाला. त्या वेळी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून व्यवहारात उतरली आहेत. कोणी शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीचे हिशेब सांभाळते, कोणी गुळाच्या पेढीवर आहे, कोणी बँकेत, कोणी वडिलांच्या चपलांच्या दुकानात. त्यांच्या हाती येणारी खरेदीपत्रे, करारनामे, वेष्टनांवरील मजकूर आणि तक्रारींची उत्तरे मोठ्या प्रमाणात इंग्रजीतच असतात.

त्यांना इंग्रजी व्याकरण कसे शिकविले गेले? ‘राम किल्ड रावण’ या वाक्याचे ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ असे रूपांतर करावयाचे आणि एक गुण मिळवावयाचा. असे रूपांतर कोणी, केव्हा आणि कशासाठी करतो, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. दुसरीकडे वाणिज्य शाखेत व्यवसायाची सामाजिक जबाबदारी हा पाठ असतो. तेथे ग्राहकांप्रती, कामगारांप्रती, समाजाप्रती असलेल्या कर्तव्यांच्या याद्या मुले पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. एका वर्गात आशयाविना भाषा आणि दुसऱ्यात भाषेविना आशय, अशी ही स्थिती आहे.

विषय आणि परकी भाषा एकत्र शिकविण्याची पद्धत युरोपात १९९० च्या दशकापासून ‘क्लिल’ या संक्षिप्त नावाने रूढ झाली. तिचे मर्म साधे आहे. ज्या भाषेत काही तरी महत्त्वाचे सांगावयाचे किंवा समजून घ्यावयाचे असते, ती भाषा लवकर आत्मसात होते. व्यवहारातील सचोटी हा असाच जिव्हाळ्याचा विषय आहे. फसविले जाण्याचा अनुभव कोणाला नाही?

काच फुटली की फोडली?

प्रथम प्रयोग पाहू. आपल्या मुलांची येथे एक विशेष अडचण असते आणि ती मराठीतूनच आलेली असते. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग होय, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. परंतु त्याचे इंग्रजी ‘राम एट अ मँगो’ असे सरळ कर्तरीच होते. म्हणून ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असे समीकरण शिकविले की मुले गोंधळतात. मराठी कर्मणीत ‘ने’ हा प्रत्यय लावून कर्ता समोर उभाच असतो. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र ‘बाय’ आणि त्यापुढील नाम गाळले तरी वाक्य पूर्ण राहते. ‘द ग्लास वॉज ब्रोकन’, काच फोडण्यात आली. कोणी फोडली, हे विचारणारे वाक्यात कोणी उरत नाही.

मराठीत कर्ता लपविण्याची जागा वेगळी आहे. ती आहे अकर्मक क्रियापद. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, सुटणे आणि सोडणे या जोड्या पाहाव्यात. घरात बरणी हातातून पडली की लेकरू म्हणते, ‘आई, बरणी फुटली.’ ‘मी फोडली’ असे ते म्हणत नाही. व्याकरण न शिकताही जबाबदारी टाळण्याचे व्याकरण त्याला अवगत असते! मोठेपणी तेच लेकरू कार्यालयात बसून ‘मिस्टेक्स वेअर मेड’, म्हणजे चुका झाल्या, असे लिहिते.

वर्गात या जोड्या आधी मराठीत घ्याव्यात आणि मग इंग्रजीकडे वळावे. एखाद्या दुकानदाराने ग्राहकाला पाठविलेले उत्तर फळ्यावर लिहावे: ‘युवर ऑर्डर वॉज डिलेड. द इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड.’ आपल्या मागणीस विलंब झाला, गैरसोयीबद्दल खेद वाटतो. दोन्ही क्रियापदे पॅसिव्ह आहेत. विलंब कोणी केला? खेद कोणाला वाटतो? मुलांनी दोन्ही ठिकाणी कर्ता घालून वाक्ये पुन्हा लिहावीत: ‘वुई सेंट युवर ऑर्डर सिक्स डेज लेट. वुई हॅड ॲक्सेप्टेड मोअर ऑर्डर्स दॅन वुई कुड कम्प्लीट. वुई आर सॉरी.’ पेलण्यापेक्षा अधिक मागण्या आम्ही घेतल्या आणि म्हणून आपला माल सहा दिवस उशिरा पाठविला. ‘वुई’ हा कर्ता वाक्यात येताच मागोमाग कारणही आले. नाव सांगितले की कारण द्यावे लागते आणि कारण दिले की सुधारणेची वाट दिसते. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ‘पाप घडले’ असे न म्हणता ‘मी पाप केले’ असे आपण म्हणतो, ते उगीच नव्हे.

येथे एक सावधगिरी हवी. पॅसिव्ह प्रयोग हा काही स्वतःच अप्रामाणिक नाही. कर्ता ठाऊक नसेल, किंवा त्याला महत्त्व नसेल, तर तोच योग्य प्रयोग ठरतो. ‘द शॉप वॉज रॉब्ड लास्ट नाइट’, काल रात्री दुकान लुटले गेले, यात कोणी काही लपवीत नाही. कर्ता ठाऊक नसल्याने गाळला की ठाऊक असूनही गाळला, हा भेद मुलांना ओळखता आला पाहिजे. व्याकरणाचे पुस्तक एवढ्यावर थांबते आणि विवेकाचे काम तेथून सुरू होते.

चालूच राहणारा चालू काळ

आता काळाकडे वळू. कोल्हापूरच्या फौंड्री व्यवसायाला परिचित असे एक इंग्रजी वाक्य आहे: ‘पेमेंट इज बीइंग प्रोसेस्ड.’ बिलाची प्रक्रिया चालू आहे. लहान कारखानदार कास्टिंग करून मोठ्या खरेदीदाराला माल पोहोचवितो आणि पैशासाठी विचारणा करतो, तेव्हा हे उत्तर येते. व्याकरणदृष्ट्या हा चालू वर्तमानकाळ, तोही पॅसिव्ह. क्रिया चालू आहे, पण ती कोण करीत आहे आणि केव्हा संपेल, याचा पत्ता नाही. पुढच्या महिन्यात विचारले तरी हेच वाक्य तितकेच लागू पडते. कामगारांचा पगार आणि विजेचे बिल मात्र चालू काळात थांबून राहत नाहीत.

या ठिकाणी मुलांना तीन काळांची तुलना करावयास लावावी. ‘वुई आर प्रोसेसिंग इट’, ‘वुई हॅव प्रोसेस्ड इट’, ‘वुई विल पे यू ऑन द टेन्थ’. पहिल्यात चालू क्रिया, दुसऱ्यात पूर्ण झालेली क्रिया आणि तिसऱ्यात तारखेसह वचन आहे. पूर्ण वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांतील भेद नियम पाठ करून कळत नाही, पण आपले पैसे कोठे अडकले आहेत हे शोधताना तो चटकन कळतो.

या प्रश्नावर कायद्यानेही वाक्यरचना ठरवून दिली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. ज्या तरुणाला हे ठाऊक आहे, तो ‘इज बीइंग प्रोसेस्ड’ या उत्तराला नम्रपणे पण नेमके प्रत्युत्तर देऊ शकतो: माल कोणत्या तारखेला स्वीकारला, मुदत कोणत्या तारखेला संपली आणि पैसे कोणत्या तारखेला देणार?

‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’

सहायक क्रियापदे हा आपल्या विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटणारा आणखी एक भाग. परंतु साऱ्या करारांचे प्राण याच लहान शब्दांत असतात. कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘मे’ म्हणजे मुभा आणि ‘शुड’ म्हणजे अपेक्षा. ‘द बायर शॅल पे’ म्हणजे खरेदीदाराने पैसे द्यावयाचेच आहेत. ‘द कंपनी मे रिप्लेस द गुड्स’ म्हणजे कंपनीची इच्छा झाली तर ती माल बदलून देईल. ‘वुई शॅल एन्डेव्हर टू पे’ या वाक्यात ‘शॅल’ आहे खरे, पण बंधन केवळ प्रयत्नाचे आहे, पैसे देण्याचे नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे याचे बोलके उदाहरण होय. निव्वळ मालमत्ता, उलाढाल किंवा नफा ठराविक मर्यादेपलीकडे असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळाने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च होईल याची खात्री करावी, असे त्यात ‘शॅल’ वापरून म्हटले आहे. तथापि प्रारंभीच्या तरतुदीत रक्कम खर्च झाली नाही तर अहवालात कारणे नमूद करणे एवढेच अपेक्षित होते. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठराविक निधीत वा खात्यात वर्ग करणे बंधनकारक झाले. शब्द ‘शॅल’ आधीही होता, पण त्याच्या पाठीशी परिणाम उभा राहिला तेव्हा त्याला वजन आले. मोठ्या इयत्तांतील विद्यार्थ्यांशी या विषयावर चर्चा करता येईल: वचन कशाने खरे ठरते, शब्दाने की परिणामाने?

लहान शब्द, मोठा अर्थ

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता गुळाच्या दोन काल्पनिक वेष्टनांवरील मजकूर पाहू. एकावर ‘मेड फ्रॉम शुगरकेन ज्यूस’ आणि दुसऱ्यावर ‘मेड विथ शुगरकेन ज्यूस’. फरक एका शब्दयोगी अव्ययाचा. ‘फ्रॉम’ म्हणजे पदार्थ उसाच्या रसापासून बनला आहे. ‘विथ’ म्हणजे इतर घटकांबरोबर उसाचा रसही आहे. ते इतर घटक कोणते, साखर की आणखी काही, हे ‘विथ’ सांगत नाही. साखर मिसळलेल्या गुळाची तक्रार बाजाराला नवी नाही. गुऱ्हाळावर रात्रभर काहिलीपाशी राबून अस्सल गूळ काढणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान या एका ‘विथ’मुळे होऊ शकते.

असेच दुसरे शब्द म्हणजे ‘अप टू’. ‘अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ’ या पाटीचा अर्थ ५० टक्के सूट असा नसून ‘५० टक्क्यांहून अधिक नाही’ असा आहे. दोन टक्के सूट दिली तरी वाक्य खरे राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे याचाही समावेश केला आहे. २०२२ मध्ये जारी झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्याखालील खुलासाही असला पाहिजे. मराठीत मोठे आश्वासन आणि इंग्रजीत बारीक अटी, ही चलाखी त्यामुळे नियमबाह्य ठरते.

एका शब्दावर जागतिक व्यापाराचे नियमही कसे फिरतात, हे पाहण्यासारखे आहे. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ‘ट्रिप्स’ करार १९९५ मध्ये अमलात आला. त्यातील कलम २३ प्रमाणे वाइन आणि मद्यार्कयुक्त पेयांच्या बाबतीत दुसऱ्या प्रदेशाचे नाव ‘स्टाइल’, ‘टाइप’, ‘काइंड’ किंवा ‘इमिटेशन’ असे शब्द जोडूनसुद्धा वापरता येत नाही. इतर वस्तूंना मात्र कलम २२ चे तुलनेने सौम्य संरक्षण आहे. तेथे ग्राहकांची दिशाभूल होते असे दाखवावे लागते. म्हणजे युरोपातील वाइनला जे कवच आहे, ते आपल्या चपलेला या करारात नाही. ‘कोल्हापुरी’ आणि ‘कोल्हापुरी स्टाइल’ यांतील अंतर केवळ एका शब्दाचे आहे, पण त्या एका शब्दाच्या आडोशाला अख्खी बाजारपेठ उभी राहू शकते.

पुन्हा चपलेकडे

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्याची नोंद महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ या दोघांच्या नावे आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावणे, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवणे, वेणी घालणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार कुटुंबे करीत आली आहेत आणि त्यांतील बरेच नाजूक काम घरातील स्त्रियांच्या हातांचे असते.

मिलानच्या प्रदर्शनानंतर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. जून महिना संपण्यापूर्वीच कंपनीने उत्तरादाखल मान्य केले की त्या चपलांची प्रेरणा पारंपरिक भारतीय हस्तकलेतील पादत्राणांपासून घेतली होती. स्थानिक कारागिरांशी संवादाची तयारीही तिने दर्शविली. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये वरील दोन्ही महामंडळांशी करार झाला. सुमारे २,००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात तयार करून घेण्याचे आणि सुमारे ८०० युरोंना एक जोड या दराने विकण्याचे जाहीर झाले. उपक्रमाच्या नावातच आता ‘मेड इन इंडिया’ आणि ‘इन्स्पायर्ड बाय कोल्हापुरी चप्पल्स’ असे शब्द आले.

हा सारा प्रवास व्याकरणाच्या चष्म्यातून वाचावा. जूनमध्ये केवळ विशेषण आणि नाम होते: ‘लेदर सँडल्स’. मग ‘इन्स्पायर्ड बाय’ आले, म्हणजे ‘बाय’ परत आला. डिसेंबरमध्ये ‘इन’ आला, म्हणजे स्थळ आले, आणि कोल्हापूरचे विशेषनामही आले. परंतु एक जागा अद्याप रिकामी राहते. ‘इन्स्पायर्ड बाय’ यापुढे वस्तूचे नाव आहे, ‘मेड इन’ यापुढे देशाचे नाव आहे. ‘मेड बाय’ यापुढे माणसाचे नाव कोठे आहे?

ती जागा भरण्याचा एक प्रयत्न आपल्याकडेच झाला आहे. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर संकेताची योजना आणली. चपलेवरील संकेत मोबाइलने टिपला की ती कोणत्या कारागिराने वा बचत गटाने, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पद्धतीने बनविली हे ग्राहकाला कळावे, असा तिचा उद्देश आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर वाक्यातून गाळलेला कर्ता त्या चौकोनी चिन्हाद्वारे परत आणला जात आहे.

वर्गात कसे शिकवावे?

यासाठी नवे पुस्तक वा वेगळे अनुदान लागत नाही. शिक्षकांनी मुलांना घरातून एक इंग्रजी छापील कागद आणावयास सांगावे: साबणाचे वेष्टन, दुकानाची पावती, बँकेचे पत्र, काहीही. प्रत्येकाने त्यातील क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि पाच प्रश्न विचारावेत. कोणी केले? काय केले? कोणासाठी वा कोणाला केले? केव्हा? किती खात्रीने? पहिल्या प्रश्नातून प्रयोग, दुसऱ्यातून कर्म, तिसऱ्यातून शब्दयोगी अव्यये, चौथ्यातून काळ आणि पाचव्यातून सहायक क्रियापदे शिकविता येतात. ज्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळत नाही, तेथे थांबावे आणि ते उत्तर घालून वाक्य नव्याने लिहावे. शेवटी वर्गाने ठरवावे की मूळ वाक्याने कोणाचे नुकसान होऊ शकले असते काय.

या तासाला उपदेश करू नये. सचोटीवर व्याख्यान दिले की मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. ‘हे वाक्य तुमच्या वडिलांना आले असते तर?’ एवढा प्रश्न पुरे.

एक आक्षेप संभवतो. शब्दांच्या या खाचाखोचा शिकलेला विद्यार्थी उद्या अधिक सफाईने फसवावयास शिकणार नाही काय? आक्षेप खरा आहे. ज्ञानाने मनुष्य आपोआप सज्जन होत नाही. परंतु फसविणाऱ्यांना ही विद्या आजही अवगत आहेच. ती नसते ती फसणाऱ्यांना. पहिल्या पिढीचा इंग्रजी वाचणारा, ज्याच्या घरी करारनामा वाचून दाखविणारे दुसरे कोणी नाही, त्याच्या हाती ती आली तर तराजू थोडा समतोल होतो.

इंग्रजी आल्याने नोकरी मिळते, असे पालक म्हणतात आणि ते बरोबरच आहे. त्या नोकरीत एखादे दिवशी त्यांच्या मुलासमोर किंवा मुलीसमोर असे पत्र लिहिण्याचा प्रसंग येईल, ज्यातून एक नाव गाळणे सर्वांना सोयीचे असेल. कारागिराचे, कामगाराचे किंवा चूक करणाऱ्याचे. त्या वेळी वाक्य अपुरे आहे हे तिला किंवा त्याला जाणवले आणि गाळलेले नाव लेखणीने जागेवर बसविले, तर शाळेतील त्या तासाचे सार्थक झाले असे समजावे.